बोटांत ताकद नाही, मांड्या कडक: स्वतः कॅथेटर घालणाऱ्या बायकांना कोणती साधनं उपयोगी पडतात?

रानजाई

नमस्कार. विषय नाजूक आहे, पण मला नेमकी माहिती हवी आहे, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार, आहे. लघवी करून आले तरी मूत्राशयात बरीच शिल्लक राहते, त्यामुळे दर चार ते सहा तासांनी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालून ते रिकामं करायचं असं युरॉलॉजिस्टांनी सांगितलंय. नर्सबाईंनी नीट शिकवलं, काय करायचं ते मला पूर्ण कळलंय. अडतं ते शरीरापाशी. उजव्या हाताची चिमूट घट्ट बसत नाही. मांड्या आतल्या बाजूला ओढल्या जातात. एका हाताने गुडघा बाजूला दाबून धरला की उरलेल्या एका हाताला आरसा धरायचा, भगोष्ठ (योनीभोवतीचे ओठ) बाजूला करायचे आणि नळी आत घालायची.

सध्या नवरा घालून देतो. त्याची काही तक्रार नाही. पण त्याच्या कामाच्या वेळा आणि माझ्या मूत्राशयाच्या वेळा जुळत नाहीत. तो यायला उशीर होणार असेल त्या दिवशी मी पाणी प्यायचं टाळते. मला हे थांबवायचं आहे.

आरसा कुठे बसवता? मांड्या बाजूला ठेवणारं काही मिळतं का? आणि हातातून निसटणारी नळी धरायची कशी? ज्या स्वतः करतात त्यांनी आणि या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी कृपया लिहा.

पाणकणीस

रानजाई, बरं झालं धागा काढलात. मला मानेत सातव्या मणक्याच्या पातळीला इजा आहे. कोपर सरळ होतं, मनगट वर उचलता येतं, बोटांची पकड मात्र नसल्यातच जमा. तरी मी स्वतः करते आणि त्याचं बरंचसं श्रेय साधनांना आहे.

आधी आरसा. हातात धरायचा आरसा आपल्या कामाचा नाही, अख्खा हात त्यात अडकतो. उरतात तीन तऱ्हा: मांडीला वेल्क्रोच्या पट्ट्याने बांधायचा, कमोडच्या कडेला अडकवायचा, आणि गुडघ्यांमधल्या दांड्यावर बसवलेला. पहिला ज्यांचे पाय शांत राहतात त्यांना चालतो. स्पॅझम, म्हणजे स्नायूंचा आपोआप येणारा आकडा, आला की मांडीबरोबर आरसाही फिरतो आणि सगळं पुन्हा जुळवत बसावं लागतं. कमोडवरचा घरात ठीक, बाहेर गेलं की नाही.

मला तिसरा मानवला. लांबी कमीजास्त होणारा आडवा दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना गुडघ्याच्या आतल्या बाजूला टेकणाऱ्या गादीदार वाट्या, आणि मधोमध वाकवू तशी राहणारी मान, तिच्यावर आरसा. मांड्या बाजूला ठेवायचं आणि दाखवायचं अशी दोन्ही कामं तो करतो, आपले दोन्ही हात मोकळे राहतात. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला हेच हवं आहे असं वाटतंय. थेरपिस्ट त्याला नी-स्प्रेडर म्हणतात.

घेताना काय बघायचं ते सांगते. आरसा काचेचा नको, अ‍ॅक्रिलिकचा हवा; पडला तरी तुकडे होत नाहीत. थोडं मोठं दाखवणारा असेल तर उत्तम. दिवा असेल तर एलईडीचाच, कारण तापणारा दिवा मांडीला टेकून राहिला तर संवेदना नसलेल्या कातडीला पत्ता लागत नाही. वाट्यांच्या कडा हात फिरवून बघा. दांडा काढला की गुडघ्याच्या आतली त्वचा रोज बघायची. लाली थोड्या वेळात गेली तर काळजी नाही, रेंगाळली तर गादी वाढवायची किंवा दांडा आखूड करायचा.

आणि आरशात बघताना सुरुवातीला हात भलतीकडे जातो. वर न्यायचा तर खाली जातो. ते सरावाने जातं. हळूहळू बोटाला जागा कळायला लागते आणि आरसा फक्त खात्रीपुरता उरतो. संवेदना शाबूत असलेल्यांना तर हे लवकर जमतं.

बकुळवाट

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून लोकांना मदत करते. पाणकणीस यांनी त्वचेबद्दल लिहिलंय ते सगळ्यांनी पुन्हा वाचावं.

"कोणतं साधन घेऊ?" असं विचारत बायका येतात तेव्हा मी आधी अख्खी क्रिया कॅथेटर न घालता करून दाखवायला सांगते. खुर्चीत पुढे सरकणं, कपडे खाली घेणं, पाय बाजूला करणं, हात धुणं, पाकीट फोडणं, जागा शोधणं, नळी धरणं, लघवी पिशवीत किंवा कमोडमध्ये सोडणं, नळी टाकणं, पुसणं, कपडे परत वर घेणं. मी फक्त बघत बसते. आणि वारंवार दिसतं ते असं की बाईला जिथे अडतं असं वाटत असतं तिथे ती अडतच नाही. नळी घालण्याचा भाग तिला जमण्यासारखा असतो. विजार कमरेवर ओढणं जमत नाही, म्हणून घरच्यांनी अख्खी क्रियाच आपल्या हातात घेतलेली असते. अशा वेळी महागडा आरसा आणून काही साधत नाही. कमरेच्या इलास्टिकला आतून दोन कापडी फास शिवले, त्यांत अंगठे अडकवून विजार ओढता आली, की निम्मं काम झालं.

कपड्यांवर जरा जास्त लिहिते, कारण याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. खुर्चीत बसूनच करायचं असेल तर पुढची चेन जांघेतून मागच्या शिवणीपर्यंत लांबवून घ्या. म्हणजे कपडा खाली न घेता उघडता येतो. चेनच्या टोकाला बोट जाईल एवढी कडी लावा. अंतर्वस्त्र मधोमध उघडणारं, वेल्क्रोचं किंवा एकावर एक पदर येणारं शिवून घेता येतं. वेल्क्रोची खरखरीत बाजू त्वचेकडे येणार नाही एवढं शिंप्याला बजावून सांगा. आणि मागच्या शिवणीचा जाड गोळा बसण्याच्या हाडांखाली येता कामा नये, तिथे दाबाचा व्रण व्हायला वेळ लागत नाही.

आता पकड. ज्यांची बोटं चालत नाहीत पण मनगट वर उचललं जातं त्यांच्याकडे एक नैसर्गिक पकड असते. मनगट मागे वाकवलं की बोटं आपोआप आत वळतात आणि अंगठा तर्जनीच्या कडेवर येतो. टेनोडेसिस म्हणतात तिला. या पकडीत जाड, सपाट किंवा खरबरीत वस्तू टिकते. बारीक गुळगुळीत नळी टिकत नाही. म्हणून नळीला मूठ लागते. बायकांसाठीच्या आखूड कॅथेटरमध्ये काहींना कडक प्लास्टिकची जाड मूठ असतेच. नसेल तर तळहाताला बांधायचा युनिव्हर्सल कफ, ज्याच्या खिशात चमचा खोचतात, त्यात नळीची मूठ बसवता येते. नाहीतर आम्ही गरम पाण्यात मऊ होणाऱ्या थर्मोप्लास्टिकच्या तुकड्याचा चिमटा हातावरच घडवून देतो.

अशी पकड वापरणाऱ्यांनी एक पथ्य पाळायचं. मनगट मागे आणि बोटं सरळ असं दोन्ही एकदम ताणायचं नाही, कुणी मालिश करताना प्रेमाने केलं तरी नाही. बोटं मिटवणारे स्नायुबंध सैल पडले की ही पकडच जाते.

रानजाई

>>> विजार कमरेवर ओढणं जमत नाही, म्हणून घरच्यांनी अख्खी क्रियाच आपल्या हातात घेतलेली असते.

हे वाचून थांबले. माझं नेमकं कुठे अडतं हे मी असं तपासलंच नव्हतं. उद्या दुपारी नळी न घेता सगळं करून बघते.

पाणकणीस, तुमच्या मांड्या दांड्याला विरोध करत नाहीत का? मला भीती वाटते की मी दांडा लावणार आणि स्पॅझम जोरात येऊन तो उडणार.

पाणकणीस

करतात. दांडा घाईने ताणून लावला की जास्तच. मी आधी एक पाय, मग दुसरा, अशा मांड्या हळू बाजूला घेते, थोडं थांबते, सैल पडल्या की दांडा आखूड लांबीवर लावते आणि मग वाढवते. गार आरसा, गार वाट्या मांडीला लागल्या तरी स्पॅझम येतो, त्यामुळे वाट्यांवर सुती खोळ घातली आहे.

उंबरठा

मी युरॉलॉजी विभागात नर्स आहे. दांडा स्नायूंशी झगडण्यासाठी नाही, सैल झालेले पाय तसेच ठेवण्यासाठी आहे. स्पॅझम रोजच जोरात येत असेल तर तो डॉक्टरांना दाखवा. बॅक्लोफेनसारखं स्नायू सैल करणारं औषध चालू असेल तर कोणत्या वेळी घ्यायचं यावर त्यांच्याशी बोला. पायांच्या ताणाच्या व्यायामानंतर लगेच कॅथेटर केलं तरी फरक पडतो. आणि एरवीपेक्षा अचानक स्पॅझम वाढला, तर मूत्राशय तुडुंब आहे का, इन्फेक्शन आहे का, पोट साफ झालंय का, हे आधी बघायचं.

बसूनच करायला हवं असंही नाही. पलंगावर डोक्याकडची बाजू उंच करून, तळवे जवळ, गुडघे बाहेर आणि गुडघ्यांखाली उशा अशा स्थितीत मांड्यांना आधार मिळतो. मांड्या अजिबात उघडत नाहीत अशांना कुशीवर झोपून, वरचा गुडघा पोटाकडे घेऊन करता येतं. मात्र त्या स्थितीत स्वतःचा हात पोचतोच असं नाही, अनेकदा सोबतीला करून द्यावं लागतं.

पाण्याबद्दल मात्र कळकळीने सांगते. पाणी तोडू नका. डॉक्टरांनी बंधन घातलेलं नसेल तर दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर, थोडं थोडं करून, आणि झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत कमी. एका वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त निघत असेल तर पाणी कमी करण्याऐवजी वेळा वाढवायच्या. १९७२ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या जॅक लॅपिडीस यांनी ही पद्धत मांडली तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता. मूत्राशय जास्त ताणलं गेलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा मंदावतो आणि इन्फेक्शनला वाट मिळते. ते वेळेवर रिकामं होत असेल तर निर्जंतुक हातमोजे-चादरींचा पसारा नसला, स्वच्छ धुतलेले हात असले, तरी घरी चालतं. त्याआधी ही क्रिया निर्जंतुक पद्धतीने, रुग्णालयातच करायची असं मानत.

त्यामुळे साधनांनाही तोच नियम. दांडा, आरसा, कफ, चिमटा हे साबण-पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचे. वेल्क्रोच्या फटीत घाण अडकते, ती ब्रशने काढायची. कॅथेटर मात्र एकदाच वापरायचा म्हणून दिलेला असेल तर एकदाच.

सांजवारा

माझ्या आईला संधिवात आहे, बोटं वाकडी झाली आहेत. तिची अडचण जरा वेगळी. तिला आरशातही मूत्रमार्गाचं छिद्र दिसत नाही. वय सत्तरीच्या पुढे. नर्सलाही शोधायला वेळ लागला होता. आई आता म्हणते, माझंच शरीर मला सापडत नाही. तिच्यासाठी काही आहे का?

उंबरठा

सांजवारा, आईंना सांगा की यात त्यांचा काहीच दोष नाही. रजोनिवृत्तीनंतर त्या भागातली त्वचा पातळ होते, आक्रसते आणि मूत्रमार्गाचं तोंड आत, योनिमार्गाच्या पुढच्या भिंतीकडे सरकलेलं असू शकतं. समोरून आरशात ते दिसणारच नाही. अशा वेळी बोटाने शोधायला शिकवतात. तर्जनी योनिमार्गाच्या तोंडाशी अलगद ठेवायची, तिच्या अगदी वर लहानसा मऊ खळगा किंवा उंचवटा लागतो. बोट तिथेच ठेवून नळी त्याच्यावरून सरकवायची.

नळी चुकून योनिमार्गात गेली तर लघवी येणार नाही. ती लगेच काढू नका, खूण म्हणून तिथेच राहू द्या आणि दुसरी नवीन नळी तिच्या वर घाला. मग दोन्ही काढा. ज्यांना हे वारंवार होतं त्यांना शिकण्याच्या काळात योनिमार्गात टॅम्पॉन ठेवून खालचं छिद्र बंद करायलाही सांगतात.

कोरडेपणा, आग, वारंवार इन्फेक्शन असेल तर स्थानिक इस्ट्रोजेन क्रीमबद्दल डॉक्टरांना विचारा. ते प्रत्येकीला चालतं असं नाही, पण चालत असेल तर फरक पडतो.

बकुळवाट

यात एक साधन आईंना उपयोगी पडेल. भगोष्ठ बाजूला ठेवणारं, हातात धरायचं छोटं मार्गदर्शक. त्याचा एक भाग योनिमार्गाच्या तोंडाशी बसतो आणि समोरच्या भागात एकावर एक छिद्रं असतात. ज्या छिद्रासमोर मूत्रमार्ग येतो त्यातून नळी घालायची. पहिल्यांदा नर्सने बसवून कोणतं छिद्र ते ठरवून द्यायचं, मग रोज तेच. म्हणजे दिसण्यावर काही अवलंबून राहत नाही. दृष्टी कमी असलेल्या बायकाही ते वापरतात.

संधिवातात मी चिमटीचा वापर होता होईल तेवढा टाळते. सगळ्यात जास्त त्रास पाकीट फोडताना होतो. कॅथेटर निवडताना नमुने मागून घ्या आणि आईंना, सकाळी बोटं सगळ्यात आखडलेली असतात तेव्हा, उघडायला द्या. काही पाकिटांना बोट घालायची कडी असते, काहींना झाकण फिरवावं लागतं, काहींची कागदी टोकं सोलावी लागतात. फिरवायची झाकणं संधिवाताच्या मनगटाला नकोशी होतात. दातांनी पाकीट फाडू नका, तोंडातले जंतू नळीवर जातात. टेबलाला पक्की बसवलेली, तळहाताने दाबली की चालणारी कात्री मिळते. बऱ्याच पाकिटांवर मागे चिकट ठिपका असतो, त्याने पाकीट भिंतीला किंवा खुर्चीच्या हाताला उभं चिकटवता येतं, म्हणजे ते धरायला वेगळा हात लागत नाही.

मार्गदर्शकाची मूठ बारीक असेल तर तिच्यावर फोमची नळी चढवायची. जाड मुठीवर बोटं कमी मिटावी लागतात.

तिसरी घंटा

मी पुरुष आहे, पण बायकोसाठी विचारतोय. तिला पक्षाघात झाला, उजवी बाजू चालत नाही. डावा हात उत्तम आहे. एका हाताने हे होतं का? दोघं मिळून करतो तेव्हा मी काय धरावं आणि तिला काय करू द्यावं हेही सांगा.

बकुळवाट

होतं, सगळ्यांना नाही. नमस्कार आणि तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत.

पाय आणि श्रोणी (कंबरेखालचा हाडांचा भाग) यांची स्थिती नीट जमली तर भगोष्ठ बरेचसे आपोआप उघडतात, म्हणजे हाताचं एक काम कमी होतं. त्यासाठी थोडं मागे रेलून बसायचं, ढुंगण पुढे, उजव्या मांडीला बाहेरून उशीचा आधार. कडक, आखूड नळी असेल तर अंगठा-तर्जनीत ती धरून त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी भगोष्ठ बाजूला ठेवणं काही जणींना जमतं. लवचीक लांब नळीने ते फार अवघड आहे. पाकीट आधीच उघडून, वर लिहिल्यासारखं चिकटवून ठेवायचं.

एक तपासून घ्या. पक्षाघातानंतर कधी कधी शरीराच्या एका बाजूकडे लक्षच जात नाही, किंवा क्रियेच्या पायऱ्यांचा क्रम चुकतो. तसं असेल तर साधन कितीही चांगलं असलं तरी आधी त्यावर काम करावं लागतं. पायऱ्यांची चित्रं समोर लावून ठेवली तर मदत होते.

दोघांनी मिळून करताना नळी तिच्या हातात राहू द्या. तुम्ही पाय सावरा, पाकीट उघडा, पिशवी धरा. तिला दुखतंय का, नळी पुरेशी आत गेली का, हे तिच्या हाताला आणि शरीराला तुमच्या आधी कळतं.

तिसरी घंटा

मी बरोब्बर उलटं समजत होतो, की नळी घालणं माझं काम. आजच तिला हे वाचून दाखवतो.

निळी छत्री

उशिरा येतेय. मला जन्मापासून स्पायना बिफिडा आहे, म्हणजे पाठीचा कणा गर्भातच नीट मिटलेला नाही. इथे सगळे मूत्रमार्गातून घालण्याबद्दलच बोलताहेत, म्हणून दुसऱ्या वाटेबद्दल लिहिते.

माझी कंबर आणि पाय असे आहेत की खुर्चीत बसून खालपर्यंत हात नेऊन काही करणं शक्यच नव्हतं. दर वेळी खुर्चीतून पलंगावर, कपडे काढा, मग परत खुर्चीत. बाहेर गेलं की हे करायला जागाच नसते. शेवटी मित्रोफानॉफ शस्त्रक्रिया करून घेतली. यात अपेंडिक्स वापरून मूत्राशयापासून पोटाच्या त्वचेपर्यंत बोगदा करतात. पॉल मित्रोफानॉफ या फ्रेंच शल्यविशारदांनी १९८० मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. माझं छिद्र बेंबीत आहे. खुर्चीतच बसून, कुर्ता वर करून, बेंबीतून नळी घालते. आरसा नको, पाय उघडायला नकोत. अपेंडिक्स आधीच काढलेलं असेल तर लहान आतड्याच्या तुकड्यापासून तसाच बोगदा करता येतो.

पण ही मोठी शस्त्रक्रिया आहे. छिद्र त्वचेपाशी आक्रसत जाणं ही यातली नेहमीची तक्रार आहे, मलाही दुरुस्ती करून घ्यावी लागली. मूत्राशय मोठं करायला आतड्याचा तुकडा जोडलेला असेल तर त्यातून चिकट स्राव येतो आणि मूत्राशय धुवावं लागतं. नळीही बायकांची आखूड चालत नाही, लांब लागते. जिथे आरसा आणि दांड्याने भागतं तिथे कुणी याच्या मागे लागू नये असं माझं मत आहे. जिथे काही केल्या भागत नाही तिथे मात्र याचा विचार करायला उशीर लावू नये.

आणि आपल्यापैकी ज्यांना स्पायना बिफिडा आहे त्यांनी आरशाचे पट्टे, हातमोजे, नळी, सगळं लॅटेक्सविरहित आहे ना हे बघायचं. आपल्यात लॅटेक्सची अ‍ॅलर्जी पुष्कळ आढळते आणि ती गंभीर होऊ शकते.

पाणकणीस

निळी छत्री, छान लिहिलंत. मानेतल्या सहाव्या मणक्याच्या पातळीच्या माझ्या दोन मैत्रिणींना हीच वाट सोपी गेली. एकीने आधी हाताची शस्त्रक्रिया करून घेतली, स्नायुबंध दुसरीकडे जोडून अंगठ्याची चिमूट परत मिळवतात ती, आणि मग बेंबीतून स्वतः करू लागली.

सहाव्या वक्षीय (छातीमागच्या) मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांनी एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. नवीन साधन शिकताना वेळ लागतो, मूत्राशय भरत जातं. अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, इजेच्या वरच्या भागाला घाम सुटला, तर ती ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया असू शकते, रक्तदाब झपाट्याने चढतो. सराव तिथल्या तिथे थांबवा, ताठ बसा, कपडे-पट्टे-दांडा सगळं सैल करा आणि जो पटकन करू शकतो त्याच्याकडून मूत्राशय रिकामं करून घ्या. लक्षणं ओसरली नाहीत तर लगेच रुग्णालय.

रानजाई

सगळ्यांचे आभार. बकुळवाट म्हणाल्या तसं नळी न घेता करून बघितलं आणि नंतर इथल्या थेरपिस्टबाईंसमोरही केलं. माझं अडणं दोन जागी निघालं: मांड्या आणि पकड. कपडे मला जमतात, जागा बोटाला सापडते. म्हणजे ज्या आरशाच्या मी मागे लागले होते त्याची मला सगळ्यात कमी गरज होती.

नी-स्प्रेडर वापरून बघितला. पहिला रुंद होता, मांड्या लगेच थरथरायला लागल्या. आखूड दांड्याचा चालला, वाट्यांवर पाणकणीस यांच्यासारखी खोळ घातली आहे. नळीबाबत एक नवीन कळलं. वरचा लेप ओला झाला की ती साबणासारखी निसटते आणि माझी ढिली चिमूट तिथेच हरायची. आता ज्या नळीला बाहेरून सरकती प्लास्टिकची बाही आहे ती घेते. बाहीवरून धरलं की हात कोरडा राहतो आणि नळीला बोटही लागत नाही. १२ नंबरची, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीची, पांढऱ्या टोकाची.

दुपारची वेळ आता पूर्णपणे माझी आहे. संध्याकाळी थकवा आला की हात साथ देत नाहीत, तेव्हा नवरा करतो आणि आम्ही ते तसंच ठेवलंय. पाणी पोटभर पिते.

अजून एक विचारायचंय. आखूड नळी कमोडवर ठीक आहे. खुर्चीतच करायचं झालं तर लघवी कुठे सोडायची?

उंबरठा

बाही असलेली नळी घेतलीत हे उत्तम. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे लघवी यायला लागली की आणखी दोन-तीन सेंटिमीटर सरकवून थांबायचं, पुढे ढकलत राहायचं नाही.

खुर्चीसाठी तीन पर्याय. आखूड नळीच्या मागच्या टोकाला जोडनळी लावून ती पिशवीत सोडायची. किंवा पिशवी आधीच जोडलेला संच घ्यायचा, प्रवासात तो सोयीचा. किंवा सरळ पुरुषांसाठीची ४० सेंटिमीटरची नळी वापरायची. खुर्चीतल्या अनेक बायका तेच करतात, टोक थेट कमोडपर्यंत किंवा बाटलीपर्यंत पोचतं. मात्र ती वळवळते, तुमच्या पकडीला त्रास देईल. मी तुमच्या जागी असते तर जोडनळी घेतली असती. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली राहिली पाहिजे. नळी काढताना हळूहळू काढा, प्रवाह पुन्हा सुरू झाला तर थांबा, तळाशी उरलेलंही निघून जातं.

लघवी नुसती गढूळ दिसली म्हणून प्रतिजैविकं सुरू करू नका. सेल्फ कॅथ करणाऱ्यांच्या लघवीत जंतू सापडतातच. ताप, थंडी, ओटीपोटात दुखणं, रक्त, मध्येच गळती, वाढलेला स्पॅझम असं काही असेल तर डॉक्टरांकडे जायचं.

सांजवारा

आईला छिद्रांचं मार्गदर्शक नर्सने बसवून दिलं. मधलं छिद्र तिचं. मुठीवर फोम चढवलाय. पाकीट अजून मी उघडून ठेवते, बाकीचं ती करते. तिच्यासाठीही नी-स्प्रेडर घ्यावा का असा विचार आहे. मापं कशी घ्यायची?

बकुळवाट

आईंच्या मांड्या स्वतःहून उघड्या राहत असतील तर घेऊ नका, धुवायला एक वस्तू वाढेल. घ्यायचाच झाला तर त्या नेहमी जिथे बसून करतात तिथेच बसवून मापं घ्या. पाय त्यांना न दुखता जितके उघडतात तितकेच उघडायचे आणि दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजायचं. दांड्याची सगळ्यात आखूड लांबी त्याहून कमी हवी, म्हणजे लावताना जोर लागत नाही. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर पाय किती उघडायचे हे आधी सर्जनना विचारा.

सांजवारा

एका बाजूचा खुबा बदललेला आहे. आधी विचारते, मग लिहिते.